उपसर्ग-प्रत्ययांद्वारे इंग्रजी शब्दसंपादन : राळेगणसिद्धीच्या शब्दव्यवहाराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे अवर्षणप्रवण पट्ट्यातील गाव पाणलोट विकास, ग्रामसभा आणि व्यसनमुक्ती या कार्यांमुळे देशभर परिचित आहे. श्री. अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये गावी परतले आणि तेथून या गावाच्या पुनर्रचनेस प्रारंभ झाला. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि ग्रामविकास या अंगांनी या कार्याचा विचार झालेला आहे. तथापि कोणतेही सामाजिक परिवर्तन आपल्याबरोबर शब्दही घडवीत असते. राळेगणसिद्धीने घडवलेले व वापरलेले शब्द हाही अभ्यासाचा एक विषय आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय वरकरणी निराळा वाटेल. ग्रामीण भागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने इंग्रजी शब्दसंपत्ती कशी मिळवावी, आणि त्या कामी उपसर्ग व प्रत्यय यांचे ज्ञान कितपत उपयुक्त ठरते, हा येथे मूळ प्रश्न आहे. शब्दाच्या मूळ रूपापूर्वी जोडला जाणारा घटक म्हणजे उपसर्ग आणि नंतर जोडला जाणारा घटक म्हणजे प्रत्यय, ही व्याख्या शालेय व्याकरणातून सर्वांना ज्ञात आहे. इंग्रजीतील सामान्य उपसर्ग-प्रत्यय शिकल्यास एका शब्दावरून अनेक शब्दांचा अर्थ लागतो, हेही सर्वमान्य आहे. परंतु ही पद्धत मराठी विद्यार्थ्याला परकी वस्तू म्हणून शिकवली जाते. वास्तविक तिच्या सर्व किल्ल्या त्याच्या स्वतःच्या भाषेत, इतकेच नव्हे तर त्याच्या गावच्या व्यवहारात, आधीपासून उपलब्ध आहेत. हे प्रतिपादन इतिहासाच्या आधारे तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

दोन्ही भाषांतील शब्दघडणीचे थर

इंग्रजी शब्दसंग्रह एकाच मुळातून आलेला नाही. जुन्या इंग्रजीचा जर्मानिक थर हा तिचा पाया होय. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच आणि तिच्याद्वारे लॅटिन शब्दांचा मोठा प्रवाह तीत मिसळला. पुढे विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात लॅटिन व ग्रीक भाषांतून शास्त्रीय शब्द आले. त्यामुळे इंग्रजी उपसर्ग-प्रत्ययांचेही तीन थर पडतात. 'अन्-', 'मिस्-', '-नेस', '-फुल', '-लेस', '-हुड' हे देशी थरातील. 'री-', 'डिस्-', 'इन्-', '-शन', '-मेंट', '-एबल', '-इटी' हे लॅटिन-फ्रेंच थरातील. तर 'अँटी-', 'ऑटो-', '-लॉजी', '-इझम' हे ग्रीक थरातील होत.

मराठीची स्थिती याच्याशी विलक्षण जुळणारी आहे. मराठीचा पाया प्राकृतातून आलेल्या तद्भव व देशी शब्दांचा आहे. त्यावर संस्कृत तत्सम शब्दांचा थर आहे. बहमनी आणि त्यानंतरच्या राजवटींत फारसी-अरबी शब्द आले. अहमदनगर ही तर १४९० ते १६३६ या काळातील निजामशाहीची भूमी. त्यामुळे महसूल, लष्कर आणि दफ्तर यांची फारसी परिभाषा या परिसरात खोलवर रुजली. या तिन्ही थरांनी आपापले उपसर्ग-प्रत्यय आणले. नकार दर्शविण्यासाठी मराठीत 'अ-', 'अन्-', 'निर्-' हे संस्कृत उपसर्ग आहेत, 'बे-', 'ना-', 'गैर-' हे फारसी-अरबी आहेत, आणि 'बिन-' हाही रोजच्या बोलण्यात आहे. अन्याय, अनादर, निर्दोष, बेजबाबदार, नापसंत, गैरहजर, बिनपाण्याचा हे शब्द शेतावरील मजूरही सहज वापरतो. भाववाचक नामांसाठी '-पणा', '-ता', '-त्व', '-गिरी' असे प्रत्यय आहेत. चांगुलपणा, सुंदरता, नेतृत्व आणि दादागिरी या शब्दांत कोणता प्रत्यय कोठे शोभतो, हे कोणत्याही मराठी मुलाला शिकवावे लागत नाही.

ज्या मुलाला 'दोषी' या शब्दापूर्वी 'निर्-' लावून 'निर्दोषी' असे न म्हणता 'निर्दोष' म्हणावे हे कळते, त्याला इंग्रजीत 'हॅपी'पूर्वी 'अन्-' आणि 'पॉसिबल'पूर्वी 'इम्-' का येते, हे कळण्यास मूलतः अडचण नसावी. दोन्हीकडे नियम आहेत आणि दोन्हीकडे रूढीही आहे.

दुसरे साम्य याहून जुने आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना मांडली. महाराष्ट्रात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ मध्ये दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांनी या शास्त्राची भक्कम पायाभरणी केली. या शास्त्राच्या आधारे असे दिसते की ग्रीक 'पेरि-' आणि संस्कृत 'परि-', लॅटिन 'प्रो-' आणि संस्कृत 'प्र-', ग्रीक 'डिस्-' म्हणजे वाईट आणि संस्कृत 'दुस्-', लॅटिन 'इंटर-' आणि संस्कृत 'अन्तर्-' ही सगोत्र रूपे आहेत. इंग्रजी 'अन्-', लॅटिन 'इन्-' आणि संस्कृत 'अ-, अन्-' हीही त्याच कुळातील आहेत. 'इंटरनॅशनल' आणि 'आंतरराष्ट्रीय' हे दोन शब्द समोरासमोर ठेवले असता एकाचे भाषांतर दुसरा आहे, आणि त्यांचे उपसर्गही परस्परांचे आप्त आहेत, हे ध्यानात येते.

संस्कृत व्याकरणात बावीस उपसर्ग मानले आहेत. एकाच 'हृ' धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे भिन्न अर्थांचे शब्द होतात, हे उदाहरण पिढ्यानपिढ्या पाठशाळांत शिकवले गेले. इंग्रजी अध्यापनात 'पोर्ट' या घटकापासून 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'ट्रान्सपोर्ट', 'रिपोर्ट', 'सपोर्ट' हे शब्द दाखवले जातात. ही दोन उदाहरणे एकाच पद्धतीची आहेत.

एकोणिसाव्या शतकातील कोश, व्याकरणे आणि शाळा

मराठी व इंग्रजी यांची शास्त्रशुद्ध भेट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घडली. विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाला. हे श्रीरामपूर बंगालमधील होय. नगर जिल्ह्यातील त्याच नावाच्या गावाशी त्याचा संबंध नाही. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. मोल्सवर्थ व टॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थच्या कोशात शब्द कोणत्या भाषेतून आला, हे चिन्हाने दर्शविलेले आहे. म्हणजे मराठी शब्दांचे थर ओळखण्याची दृष्टी या कोशातच अंतर्भूत होती.

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या 'दर्पण' पत्रात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. वाचकाला एक भाषा दुसरीच्या आधाराने वाचता यावी, ही त्यामागील योजना होती. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाची मांडणी आणि संस्कृत व्याकरणाची परिभाषा या दोहोंशी परिचित असलेल्या या ग्रंथकाराने मराठी व्याकरणाला जी घडी घालून दिली, ती १९११ च्या मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत विकसित होत गेली. उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित शब्द ही आज शालेय पुस्तकांत दिसणारी विभागणी याच परंपरेचे फलित आहे.

अहमदनगर हे या घडामोडींपासून दूर नव्हते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे आपले केंद्र स्थापन केले. सिंथिया फॅरार या शिक्षिका १८३९ पासून नगर येथे मुलींच्या शिक्षणाचे कार्य करीत होत्या, आणि सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाशी त्यांचे नाव जोडले जाते. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक याच शहरातून सुरू झाले. या जिल्ह्यातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास अशा रीतीने मुंबई-पुण्याच्या इतिहासाशी समकालीन आहे. परंतु हे शिक्षण प्रामुख्याने शहरापुरते आणि मर्यादित वर्गापुरते राहिले.

याच काळात शिक्षणाचे माध्यम कोणते असावे, यावर मुंबईच्या शिक्षण मंडळात वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता, तर जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांचा पक्ष घेतला. या वादात दोन्ही भाषा परस्परविरोधी म्हणून उभ्या राहिल्या. व्याकरणकार व कोशकार मात्र प्रत्यक्षात निराळेच कार्य करीत होते. ते एका भाषेच्या साहाय्याने दुसरी समजावून देत होते. पुढील शंभर वर्षांत वादाचा वारसा टिकला आणि कोशकारांचा वारसा शाळेच्या वर्गाबाहेर राहिला, असे खेदाने म्हणावे लागते.

परिभाषानिर्मिती : उलट दिशेचा प्रवास

इंग्रजी शब्दांचे घटक सुटे करून त्यांच्या जागी मराठी घटक बसविण्याचे कार्य महाराष्ट्रात दीर्घकाळ चालू आहे. परभाषेतील शब्दांना पर्याय देण्याची परंपरा शिवकाळातील 'राज्यव्यवहारकोशा'पर्यंत मागे जाते. तेथे फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' सिद्ध झाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत दिनांक, महापौर यांसारखे शब्द रूढ केले. डॉ. रघुवीर यांनी नागपूर येथे केलेल्या कोशकार्यात इंग्रजी उपसर्ग-प्रत्ययांना ठराविक संस्कृत उपसर्ग-प्रत्यय नेमून देण्याची पद्धत काटेकोरपणे अवलंबिली. त्यांचे कोश हिंदीसाठी होते आणि त्यांतील अनेक शब्द कृत्रिम ठरले, तरी त्यामागील तत्त्व लक्षणीय आहे.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले, १९६२ मध्ये 'पदनाम कोश' निघाला आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला. शासकीय मराठीतील शब्दांची घडण पाहिली असता इंग्रजी शब्दांची रचना तिच्यात आरशाप्रमाणे उमटलेली दिसते. 'डीसेंट्रलायझेशन' म्हणजे विकेंद्रीकरण. येथे 'डी-' साठी 'वि-', 'सेंटर' साठी 'केंद्र' आणि '-आयझेशन' साठी '-ईकरण' असे घटकाला घटक जुळते. विशेष म्हणजे 'सेंटर' आणि 'केंद्र' हे दोन्ही शब्द मुळात एकाच ग्रीक शब्दापासून आलेले आहेत. 'रिॲक्शन' म्हणजे प्रतिक्रिया, 'इनॲक्टिव्ह' म्हणजे निष्क्रिय, 'ॲक्टिव्हिटी' म्हणजे क्रियाशीलता वा उपक्रम. 'ॲक्ट' या मुळाभोवती जसे इंग्रजी कुटुंब उभे राहते, तसेच 'कृ' या धातूभोवती मराठी कुटुंब उभे राहते.

नगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर 'सहकार' या शब्दाहून चांगले उदाहरण मिळणार नाही. भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि हा शब्द जिल्ह्याच्या घराघरांत पोहोचला. 'को-' म्हणजे सह आणि 'ऑपरेशन' म्हणजे कार्य. सभासद शेतकऱ्याच्या मुलाला 'को-ऑपरेशन' या शब्दाची फोड करून सांगितली, तर 'को-एज्युकेशन' म्हणजे सहशिक्षण आणि 'को-एक्झिस्टन्स' म्हणजे सहअस्तित्व हे त्याला निराळे पाठ करावे लागणार नाही. अर्धशतकाहून अधिक काळ उसाच्या वजनाच्या पावतीवर हा शब्द छापला जात असताना इंग्रजीच्या तासाला त्याचा उपयोग न व्हावा, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

शालेय इंग्रजी आणि शब्दघडणीची उपेक्षा

ब्रिटिश काळातील इंग्रजी अध्यापन व्याकरण-भाषांतर पद्धतीचे होते. नेसफील्ड यांची व्याकरणे आणि त्यानंतर १९३० च्या दशकातील रेन व मार्टिन यांचे व्याकरण यांत शब्दघडणीवर स्वतंत्र प्रकरणे होती. मराठी विद्यार्थ्यांसाठी तर्खडकर भाषांतर पाठमाला अनेक पिढ्यांची सोबती ठरली. या पद्धतीचे दोष उघड होते. पाठांतर फार होते आणि बोलण्याचा सराव जवळजवळ नव्हता. तरीही शब्दाकडे घटकशः पाहण्याची आणि मराठीशी त्याची तुलना करण्याची सवय त्यातून लागत असे.

स्वातंत्र्योत्तर काळात रचनात्मक पद्धतीचा पुरस्कार झाला. वाक्यरचनांचे क्रमवार पाठ आणि वारंवारितेनुसार निवडलेली मर्यादित शब्दसंख्या हे तिचे आधार होते. मायकेल वेस्ट यांची १९५३ मधील सुमारे २,००० शब्दांची यादी या विचाराचे प्रातिनिधिक उदाहरण होय. या पद्धतीने अध्यापन सुकर झाले, मराठीचा वापर मात्र वर्गात दोषास्पद मानला जाऊ लागला. शब्द हा यादीतील एक सुटा घटक बनला. दरम्यान राज्याचे धोरणही बदलत गेले. इंग्रजीचा आरंभ स्वातंत्र्यानंतर आठवीपासून, पुढे पाचवीपासून आणि प्रा. रामकृष्ण मोरे हे शिक्षणमंत्री असताना जून २००० पासून पहिलीपासून असा झाला. आरंभाचे वर्ष अलीकडे आले. शब्द शिकविण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी स्पेलिंग व अर्थ यांच्या घोकंपट्टीचीच राहिली.

आधुनिक संशोधन या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेतील शालेय पुस्तकांच्या शब्दसंग्रहावर आधारित १९८९ च्या एका अभ्यासात व्हाइट, सोवेल व यानागिहारा यांनी असे दाखविले की उपसर्गयुक्त शब्दांपैकी ५८ टक्के शब्द केवळ चार उपसर्गांचे असतात. ते म्हणजे 'अन्-', 'री-', नकारार्थी 'इन्-' आणि 'डिस्-'. १९९३ मध्ये लॉरी बाउअर व पॉल नेशन यांनी इंग्रजी उपसर्ग-प्रत्ययांची सुलभतेनुसार सात पातळ्यांत क्रमवारी लावली. कोणते घटक आधी आणि कोणते नंतर शिकवावेत, याचा आराखडा त्यामुळे उपलब्ध झाला. थोडक्यात, शिकविण्याचा भार मोठा नाही. वरील चारही उपसर्गांना मराठीत नेमके प्रतिरूप आहे : अ/अन्, पुनर्/प्रति, निर्/बे आणि वि/अप/गैर.

राळेगणसिद्धी : बंद, बंदी आणि बंडिंग

आता राळेगणसिद्धीच्या शब्दव्यवहाराकडे वळू. गावाने स्वीकारलेल्या सूत्रांत नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदान यांचा समावेश होता. १९९२ पासूनच्या आदर्श गाव योजनेद्वारे ही सूत्रे राज्यभर गेली आणि लोटाबंदी, बोअरवेलबंदी अशी भरही त्यांत पडली. या यादीकडे भाषेच्या दृष्टीने पाहिले असता असे आढळते की श्रमदान वगळता सर्व शब्द एकाच उत्तरघटकाने, म्हणजे '-बंदी'ने, घडलेले आहेत.

'बंदी' हा शब्द फारसी 'बंद' आणि '-ई' यांपासून झाला. जमाबंदी, तटबंदी, मोर्चेबंदी, नाकाबंदी या शब्दांतून तो जुन्या दफ्तरांत व रणभूमीवर वावरत होता. तेथे त्याचा अर्थ बांधणे, निश्चित करणे असा आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने त्याचा मनाई हा अर्थ कायद्यात ठळक केला. गावोगावच्या ग्रामसभांनी या घटकाला 'चराई' व 'कुऱ्हाड' हे शब्द जोडले. 'चराई'त 'चर' या धातूला '-आई' हा प्रत्यय आहे. लढाई, शिलाई, धुलाई यांतही तोच आहे, आणि इंग्रजी 'ग्रेझिंग' मधील '-इंग' तेच कार्य करतो. 'कुऱ्हाड' संस्कृत 'कुठार' पासून आलेली. म्हणजे कुऱ्हाडबंदी या एका शब्दात संस्कृतोद्भव आणि फारसी घटक एकत्र नांदतात. याच प्रत्ययाने पुढे २०१६ मध्ये 'नोटबंदी' आणि २०२० मध्ये 'टाळेबंदी' हे शब्द लोकांच्या तोंडी बसवले. 'डीमॉनेटायझेशन'साठी 'निश्चलनीकरण' हा घटकशः घडलेला शासकीय शब्द होता; लोकांनी मात्र आपल्या ओळखीचा प्रत्यय निवडला.

त्याच शिवारात दुसरा एक शब्द वावरतो, तो म्हणजे नालाबंडिंग. ओढ्यानाल्यांवर मातीचे बांध घालून पाणी अडविण्याचे हे काम पाणलोट विकासाचे मुख्य अंग आहे. 'बंडिंग' हा शब्द इंग्रजी समजला जातो. परंतु इंग्रजीतील 'बंड' हा शब्द हिंदुस्थानीतून तिच्यात गेला आणि तो मुळात फारसी 'बंद' होय. इंग्रज अभियंत्यांनी त्याला '-इंग' हा आपला प्रत्यय जोडला आणि शब्द सरकारी योजनांतून पुन्हा गावात आला. म्हणजेच 'चराईबंदी' आणि 'नालाबंडिंग' यांत मूळ शब्द एकच आहे. एकदा त्याला फारसी '-ई' लागला आणि एकदा इंग्रजी '-इंग'. याच कुळातील संस्कृत 'बन्ध' पासून बांध व बंधारा हे शब्द झाले, आणि इंग्रजी 'बाइंड' हे क्रियापदही त्याच आदिम मुळाचे अपत्य आहे. बांधावर उभ्या असलेल्या मुलाच्या पायाखाली तीन भाषांच्या शब्दघडणीचा धडा असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पाणलोटाच्या परिभाषेत अशी उदाहरणे विपुल आहेत. भूजलाचे 'रीचार्ज' म्हणजे पुनर्भरण : 'री-' म्हणजे पुनर्, आणि 'चार्ज'चा मूळ अर्थ भार भरणे. 'कॉन्झर्व्हेशन' म्हणजे संधारण : 'कॉन्-' साठी सम्, आणि मूळ धातूचा अर्थ राखणे, धरून ठेवणे. 'ट्रान्सपरन्सी' म्हणजे पारदर्शकता : 'ट्रान्स-' म्हणजे पार, आणि मूळ अर्थ दिसणे. माहितीच्या अधिकाराच्या चळवळीमुळे हा शेवटचा शब्द राळेगणसिद्धीत विशेष परिचयाचा झाला. मृदसंधारण, पुनर्भरण, विकेंद्रीकरण, पारदर्शकता हे शब्द ग्रामसभेत ऐकणारा विद्यार्थी इंग्रजीच्या परीक्षेत त्याच घडणीच्या शब्दांपुढे निरुत्तर होतो, याचे कारण बुद्धीचा अभाव हे नसून दोन ज्ञानांची गाठ घालून न देणे हे आहे.

येथे शिक्षणाचा प्रश्न तीव्रतेने समोर येतो. १९७९ मध्ये गावात संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन झाले. या गावचे विद्यालय इतरत्र नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश देणारे म्हणून प्रसिद्धीस आले. नापास हा शब्दही पाहण्यासारखा आहे : 'ना-' हा फारसी उपसर्ग आणि 'पास' हा इंग्रजी शब्द. ग्रामीण विद्यार्थ्यावर हा शिक्का मारणाऱ्या विषयांत इंग्रजी अग्रभागी राहिली आहे. ज्या विषयाने त्याला अपयशी ठरवले, त्या विषयाचीच शब्दघडण त्याच्या माथी मारलेल्या शब्दात आहे. मराठीत 'नापास' हा शब्द ज्या समाजाने सहज घडवला, त्या समाजाच्या मुलाला 'अनसक्सेसफुल' या शब्दाचे तीन तुकडे करता येणार नाहीत, असे मानण्यास आधार नाही.

पद्धतीच्या मर्यादा

या पद्धतीचा पुरस्कार करताना तिच्या मर्यादा लक्षात घेणे अगत्याचे आहे. पहिली मर्यादा अशी की दिसणारा प्रत्येक आरंभीचा घटक उपसर्ग नसतो. 'युनियन' या शब्दाची पहिली दोन अक्षरे 'अन्-' प्रमाणेच लिहिली जातात, परंतु तेथे मूळ एक या अर्थाचे आहे. 'इर्रेग्युलर' मधील 'इर्-' नकारार्थी आहे, तर 'इरिगेशन' मधील तोच घटक आत या अर्थाचा आहे. शेतकऱ्याच्या मुलाने सिंचनाचा शब्द नकारार्थी समजू नये, एवढी दक्षता शिक्षकाने घ्यावयास हवी. दुसरी मर्यादा मराठी प्रतिशब्दांची आहे. 'रिहॅबिलिटेशन'साठी आपण पुनर्वसन म्हणतो. पण इंग्रजी शब्दाचे मूळ वसण्याशी संबंधित नसून पुन्हा समर्थ करणे असे आहे. 'वॉटरशेड' मधील 'शेड'चा पत्र्याच्या शेडशी संबंध नाही. तेथे विभागणे हा जुना अर्थ आहे.

काही अडचणी मात्र मराठीच्या साहाय्यानेच सुटतात. 'इन्-' चे 'इम्पॉसिबल' मध्ये 'इम्-', 'इल्लीगल' मध्ये 'इल्-' का होते, हे विद्यार्थ्यांना अनाकलनीय वाटते. परंतु उत् + लास = उल्लास, उत् + ज्वल = उज्ज्वल हे व्यंजनसंधी त्याने मराठीच्या तासाला शिकलेले असतात. पुढील व्यंजनासारखे रूप घेण्याचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. 'प्राइसलेस' म्हणजे किंमत नसलेले, तरी अर्थ अत्यंत मौल्यवान असा का, या शंकेचे उत्तर अमूल्य आणि अनमोल या शब्दांत आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, उपसर्ग-प्रत्ययांद्वारे शब्दसंपादन ही पद्धत मराठी समाजाला नवीन नाही. पाठशाळा, एकोणिसाव्या शतकातील कोश व व्याकरणे आणि विसाव्या शतकातील परिभाषानिर्मिती यांतून तिची अखंड परंपरा दिसते. दोन, इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषा मिश्र थरांच्या असल्याने त्यांच्या शब्दघडणीत तुलनेस भरपूर वाव आहे. तीन, स्वातंत्र्योत्तर इंग्रजी अध्यापनाने ही तुलना वर्गाबाहेर ठेवली आणि त्याची किंमत प्रामुख्याने ग्रामीण विद्यार्थ्याने मोजली; कारण शहरी विद्यार्थ्याला इंग्रजी वर्गाबाहेरही भेटते, ग्रामीण विद्यार्थ्याला वर्गाबाहेर मराठीच भेटते.

म्हणून इंग्रजीच्या शिक्षकाने पहिल्या पाठात चार सामान्य उपसर्ग आणि त्यांची मराठी प्रतिरूपे घ्यावीत, उदाहरणे गावच्या व्यवहारातून घ्यावीत आणि मराठी व इंग्रजीच्या शिक्षकांनी शब्दसिद्धीचे प्रकरण परस्परांच्या सहकार्याने शिकवावे, अशी सूचना करावीशी वाटते. यासाठी वेगळा निधी वा नवे पाठ्यपुस्तक लागत नाही. राळेगणसिद्धीने आपल्या शिवारात पडणारे पाणी शिवारातच अडवून जिरवले आणि गावाचा कायापालट केला. भाषेच्या शिक्षणातही, मुलाजवळ आधीच असलेले ज्ञान वाहून जाऊ न देता त्यावरच पुढील ज्ञानाची उभारणी करणे, हा मार्ग इतिहासाने दाखवून दिलेला आहे.